बांगडीत न बसणारे मूळ

दिनांक १९ मार्च, गुरुवार. सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटे.

झाड पडले त्याला आज अकरा दिवस झाले. दोनदा निरोप येऊनही मी ठाण्यात आले नाही, आणि घरी आलेल्या शिपायाला "मला काही माहीत नाही" असे सांगितले. इतके दिवस गप्प राहिल्याबद्दल मी क्षमा मागते. हवालदार म्हणाले, जबाबात क्षमा लिहायची पद्धत नाही. ते वाक्य राहू द्यावे अशी मी विनंती केली व त्यांनी ते राहू दिले.

मी, खाली सही करणारी, वय ४६ वर्षे, शिक्षण बी.ए., व्यवसाय घरी मुद्रिते तपासणे, राहणार टेकडीखालच्या गल्लीतले शेवटून दुसरे घर, घरात एकटी, समक्ष हजर होऊन सांगते. माझे बोलणे आणि हवालदारांचे लिहिणे यांचा मेळ बसेना. मी एकच वाक्य तीनदा बदलते असे त्यांचे म्हणणे. "ताई, तुम्हीच लिहा, मी समोर बसतो," असे ते म्हणाले, म्हणून हा जबाब माझ्या हस्ताक्षरात आहे. वेळा माझ्या रोजनिशीवरून घेतल्या आहेत. ती सोबत आणली आहे.

हा जबाब माझ्या अंगणातल्या विटांच्या वाटेबद्दल, तिच्या कडेच्या शिरीषाबद्दल आणि वाट घालणाऱ्या मिस्त्रींवर झालेल्या तक्रारीबद्दल आहे. तक्रार अशी की मिस्त्रींनी झाडाचे मुख्य मूळ निष्काळजीपणे तोडले, म्हणून झाड शेजारच्या घरावर पडले व तिथल्या वृद्ध बाई जखमी झाल्या. मिस्त्री म्हणतात, मूळ मी तोडलेले नाही, उद्यानखात्याच्या माणसाने तोडले. उद्यानखाते म्हणते, आमचा कोणी माणूस तिकडे गेलाच नाही. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही.

शेजारच्या बाई, वय ८१, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त. गल्लीत सगळे त्यांना बाईच म्हणतात. आमच्या दोन घरांमध्ये तारेचे कुंपण आहे व त्याला एक लहान फाटक. फाटकापासून माझ्या ओसरीपर्यंत काँक्रीटची वाट होती, माझ्या शाळेच्या दिवसांत वडिलांनी घातलेली. वाटेच्या कडेला, कुंपणाच्या बाजूने, शिरीषाची दोन झाडे, घराहून जुनी. मुळांनी काँक्रीट खालून उचलून फोडले होते. एके ठिकाणी त्याची कड तीन बोटे वर आली होती.

गेली नऊ वर्षे बाई रोज साडेपाचला या वाटेने माझ्याकडे येत. येण्याचे कारण काम. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने छापील कागदावर डोळे ठेवायचे, ही मुद्रित तपासण्याची जुनी पद्धत. आता ती कुणाला परवडत नाही. बाई वाचत. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, हेही उच्चारून. माझे लक्ष आहे का ते पाहायला मध्येच स्वतःची वाक्ये घुसडत. एकदा पाणीपुरवठ्याच्या अहवालात "आणि चहा अजून आलेला नाही, पूर्णविराम" असे वाचून त्या गंभीर चेहऱ्याने थांबल्या. मी ते वाक्य कागदावर शोधत राहिले.

२२ जानेवारीला, ५.३४ वाजता, बाई त्या वर आलेल्या कडेला अडखळून पडल्या. गुडघा फुटला, चष्मा मोडला. त्यांचा उजवा पाय आधीपासून पुरता उचलत नाही, घासत येतो. दुसऱ्या दिवशी त्यांचे चिरंजीव परगावाहून आले. माझ्यासमोर म्हणाले, "आई, आता तिकडे जायचं नाही. गप्पा मारायच्या तर खिडकीतून मार." आम्ही पाचसहा दिवस तसे करून पाहिले. खिडकी माझ्या ओसरीपासून चाळीस फुटांवर आहे. तिथून हस्तलिखित वाचता येत नाही.

मीच त्यांच्याकडे का गेले नाही, असे हवालदारांनी विचारले. दोनदा गेले. त्यांच्या घरी बाई मला पाहुण्यासारखे बसवतात आणि दर दहा मिनिटांनी उठून गॅस बंद आहे ना ते पाहतात. काम होत नाही. हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. आपण कुणाकडे जाणे आणि आपल्याकडे कुणी येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याहून अधिक मला लिहिता येत नाही.

त्यानंतर मी एक ओळ मोठ्याने वाचत असे, मग तीच ओळ तपासत असे. शब्दकोशाचे काम होते. ते मागे पडले.

मग मी वाट नव्याने घालून घ्यायचे ठरवले. सोमवार, १६ फेब्रुवारीला वाटेचे काम सुरू झाले. मिस्त्री, वय साठीच्या पुढे, आणि त्यांची बायको, असे दोघेच काम करतात. पहिल्या दिवशी मिस्त्री वाटेवरून दोनदा चालले आणि म्हणाले, "ताई, पुन्हा काँक्रीट घातलंत तर पाच वर्षांनी पुन्हा फुटेल. तेव्हा मला शोधत बसाल. मी काही तोवर राहत नाही."

"दर कामाला हेच सांगतात," बायको म्हणाली. "वीस वर्षं झाली. अजून जायचं नाव नाही."

मिस्त्रींचे म्हणणे असे होते. मूळ ढकलते तेव्हा काँक्रीट फुटते, विटा नुसत्या सरकतात. खाली खडी, तिच्यावर चाळलेली वाळू, त्यावर पक्क्या भाजलेल्या विटा, सिमेंट कुठेच नाही. फटींतून पाणी मुळांना मिळते. एखादी जागा वर आलीच तर तेवढ्या विटा काढून पुन्हा बसवता येतात. मला ते पटले.

मुळांबाबत त्यांचा एक नियम आहे. हत्यारांच्या पिशवीला बायकोची जुनी पितळी बांगडी बांधलेली असते. उघड्या पडलेल्या प्रत्येक मुळावर ते बांगडी आडवी धरतात. बांगडीच्या आत मावेल ते मूळ, फारच आड येत असेल तर, करवतीने साफ कापायचे. बांगडीबाहेर जाईल त्याला हात लावायचा नाही, वाट त्याच्यावरून न्यायची. पहिल्याच दिवशी बायको मला म्हणाली, "माझ्या हातात होती तेव्हा मान वर करून बघितली नाही. आता झाडांना घालून बघतायत." मिस्त्री म्हणाले, "झाड उलटून बोलत नाही."

झाडांजवळचे काँक्रीट त्यांनी यंत्र न लावता घणाने आणि पहारीने, तुकडा तुकडा, फोडले. १९ तारखेला, ओसरीपासून नवव्या पावलावर, ओसरीकडच्या शिरीषाचे एक मूळ निघाले. माझ्या मांडीएवढे. बांगडी त्यावर ठेवली तेव्हा कपाळावरच्या टिकलीसारखी दिसली. मिस्त्रींनी लगेच दोरी बांधून मला दाखवले: दोन्ही बाजूंनी पाच-पाच फुटांचा चढ, मधोमध चार बोटे उंची. मी विचारले, "हे तोडलं तर?" ते म्हणाले, "वारा तुमच्या घराकडून येतो, ताई. झाड त्या बाजूला कलायला बघतं आणि ह्याने त्याला मागून धरून ठेवलंय. हे सोडून बोला."

म्हणजे मला सांगण्यात आले होते, आणि मला ते समजलेही होते.

शनिवारी, २१ तारखेला, बाई खिडकीतून म्हणाल्या, "अगं, हा उंट कशाला बसवलायस वाटेत?"

मी म्हणाले, "मूळ आहे, बाई. मिस्त्री तोडू देत नाहीत."

"मग मला उंटावर बसता येतं का ते आधी विचारायचं," असे म्हणून त्या हसल्या. बाईंनी मूळ तोडायला सांगितले असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्या थट्टा करत होत्या. खिडकी लावताना मात्र म्हणाल्या, "जाऊ दे. आता कुठे यायचं नि जायचं. तू तुझं काम बघ, पोरी."

रविवार, २२ फेब्रुवारी. मिस्त्रींची सुट्टी. त्यांची करवत ओसरीवर गोणपाटात गुंडाळलेली होती. दुपारी २.२५ ते ३.५५ या वेळात मी ते मूळ दोन ठिकाणी कापले. मधला तुकडा सव्वादोन फूट निघाला. आतून ओला होता. तो मी फोडलेल्या काँक्रीटच्या ढिगात तळाशी सरकवला. ढीग मंगळवारी गाडीतून गेला. खड्ड्यात खडी आणि वाळू भरून मिस्त्रींच्या धुमसाने ठोकली. करवत पुसून पुन्हा गोणपाटात ठेवली. बाई त्या वेळी झोपतात. मी त्यांच्या खिडकीकडे तीनदा पाहिले. पडदा ओढलेला होता.

हे करताना मनात काय होते, असे विचारण्यात आले. त्या दिवशीची रोजनिशीतली नोंद अशी: "दुपारी अंगणात काम. वाट आता सपाट." आधी मी इथे "बाईंसाठी केले" असे लिहिले होते. ते खोडले आहे. हवालदारांनी खोडलेल्या जागी माझी आद्याक्षरे घेतली.

सोमवारी मिस्त्री आठला आले. नवव्या पावलाशी थांबले. "ताई, इथलं मूळ?"

मी म्हणाले, "उद्यानखात्याचा माणूस काल येऊन गेला. आतून पोकळ आहे म्हणाला. कापून घेऊन गेला." हे मी आधी ठरवून ठेवलेले नव्हते. ते आपोआप, सलग निघाले.

"रविवारी?" मिस्त्रींनी विचारले.

"रविवारी."

"सरकारी माणूस, तोही रविवारी," बायको म्हणाली. "झाडाचं नशीब मोठं."

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी बांगडी पिशवीची सोडून खिशात टाकली आणि म्हणाले, "खात्याने बघितलंय तर मी कोण बोलणारा." मग त्यांनी विटा सपाट बसवल्या. मिस्त्रींनी तिथे उकरून खात्री करायला हवी होती, असे हवालदारांचे मत आहे. मालकीण खोटे बोलते आहे का हे पाहायला मिस्त्रीने तिचे अंगण उकरायचे असते, हे मला माहीत नव्हते.

२७ तारखेला वाट पूर्ण झाली. दोन दिवस वाळू बसू द्या, असे मिस्त्री सांगून गेले. सोमवार २ मार्च ते शनिवार ७ मार्च, बाई सहा वेळा आल्या. येताना त्या काठी उलटी धरून विटांवर वाजवत, वर्गात पट्टी वाजवावी तशी. पाय कुठेही अडला नाही. सहा दिवसांत आम्ही एकशे बारा पाने वाचली. चिरंजीवांना फोनवर काही सांगायचे नाही असे आमचे ठरले होते.

रविवार, ८ मार्च, दुपारी ४.१०. पाऊस नव्हता, कोरडा वारा होता. मी ओसरीवर होते. आवाज आधी जमिनीतून आला. ओसरीजवळचा शिरीष बाईंच्या घराकडे कलला आणि खाली गेला. खिडकीची भिंत त्याच्याखाली आली. कुंपणाचे फाटकही फांद्यांखाली गेले होते, म्हणून मी रस्त्याने वळसा घालून गेले. चार मिनिटे लागली. बाई खिडकीशी चहा घेत होत्या. शुद्धीवर होत्या. मला म्हणाल्या, "कप फुटला गं." मांडीचे हाड आणि दोन फासळ्या मोडल्या, हे नंतर कळले.

उपटलेल्या मुळांत एका जाड मुळाचे टोक करवतीने कापलेले आढळले, असे पंचनाम्यात आहे. ते टोक मी त्याच दिवशी पाहिले होते. एका मुळाने एवढे झाड पडते का, ते मला सांगता येत नाही. उद्यानखात्याच्या पाहणीत आणखी कारणे लिहिली आहेत, असे ऐकते. मी ती वाचलेली नाहीत. मला ती वाचायची फार इच्छा आहे. ती इच्छा का आहे हे मला कळते.

११ मार्चला मी रुग्णालयात गेले. बाई म्हणाल्या, "वाट छान झाली होती, पोरी. मिस्त्रीला सांग." मी सांगते म्हणाले. बाहेर चिरंजीव म्हणाले, "त्या मिस्त्रीला मी सोडणार नाही. तुम्ही एकट्या बाईमाणूस, तुम्हाला त्याने फसवलं." माझ्या हातात चहाचा थर्मास होता. मी तो त्यांना दिला आणि घरी आले. १४ तारखेला ते बाईंना आपल्या गावी घेऊन गेले. घराला कुलूप आहे.

त्याआधी, १२ तारखेला, मिस्त्रींची बायको माझ्याकडे आली. ओसरीच्या पायरीवर बसली, आत आली नाही. म्हणाली, "ताई, ह्यांना ठाण्यात रोज बसवून ठेवतात. खोटं बोलतोस म्हणतात. ह्यांना कुणी आजवर खोटं बोलतोस म्हटलेलं नाही. बाकी काय वाटेल ते म्हटलं असेल, मीच म्हटलंय. तुम्ही फक्त तो खात्याचा माणूस कसा होता तेवढं सांगा. मी शोधून आणते."

मी त्या वेळी खरे सांगू शकत होते. मी म्हणाले, "उंच होता. खाकी टोपी होती."

तिने विचारले, "मिशी?"

मी म्हणाले, "नव्हती."

हवालदारांनी मला इथे पाणी दिले. मी ते घेतले.

त्यानंतर सात दिवस ती उद्यानखात्याच्या तीन कचेऱ्यांत आणि शहरातल्या बागांत फिरत होती. दोघांची कामे बंद होती. आज सकाळी ७.१५ वाजता ती पुन्हा आली. या वेळी पायरीवर बसलीसुद्धा नाही. "सापडला, ताई," ती म्हणाली. "पाण्याच्या टाकीजवळच्या बागेत माळी आहे. उंच, टोपी खाकी, मिशी नाही. मी विचारलं तर नाही म्हणतो, मी तुमच्या गल्लीत कधी आलोच नाही म्हणतो. पण घाबरला. म्हणजे तोच. उद्या आठ वाजता त्याची पाळी सुरू होते. तुम्ही फक्त या आणि हाच म्हणा. एवढंच. दोन मिनिटांचं काम आहे."

मी बरे म्हणाले. ती गेल्यावर मी दिवसभर काही वाचले नाही. ४.५० ला घर बंद करून इथे चालत आले.

ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर मिस्त्री बसले होते. मला पाहून उठून उभे राहिले व म्हणाले, "आलात, ताई. आता मिटेल सगळं." मी आत आले.

अकरा दिवस गप्प राहण्याचे कारण विचारल्यावरून सांगते की, शिक्षेची भीती हे कारण मी आधी दिले होते. ते बरोबर नाही. बाईंना कळेल, हे कारण आहे. जबाबाची नक्कल तक्रारदार चिरंजीवांना मिळू शकेल असे मला सांगण्यात आले. बाई ती स्वतः वाचतील की त्यांना कुणी वाचून दाखवील, असे मी विचारले. हवालदार म्हणाले, ते ठाण्याच्या हातात नाही.

मूळ मी कापले. मिस्त्रींना मी खोटे सांगितले. उद्यानखात्याचा कोणताही माणूस २२ फेब्रुवारीला किंवा कधीही माझ्या अंगणात आला नाही. टाकीजवळच्या बागेतल्या माळ्याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. मी त्याला कधी पाहिलेले नाही. मिस्त्रींनी झाडाबाबत मला जे सांगितले ते बरोबर होते. माझ्यावर पुढे काय कारवाई होऊ शकते ते पलीकडच्या टेबलावरच्या फौजदारांनी समजावले. मला ते समजले.

सायंकाळी ७.३५ वाजता हवालदारांनी हे सर्व मोठ्याने वाचले. उकाड्यामुळे दार उघडे होते. वाचन संपल्यावर मिस्त्री दारात आले. फौजदारांनी त्यांना अडवले नाही. मला वाटले ते मला काही म्हणतील. ते हवालदारांना म्हणाले, "म्हणजे ती सात दिवस उगाच फिरली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घरी जाऊन हे मी तिला सांगणार नाही. तुम्ही सांगायचं." आणि फौजदारांना विचारून निघून गेले.

ही शेवटची वाक्ये मी त्यानंतर लिहिली व तीही मला वाचून दाखवली. वर आहे तसेच घडले. यात दुसऱ्या कुणी घातलेला शब्द नाही, आणि मी सांगितलेला एकही गाळलेला नाही. सही करते.

रोजनिशीत मी रोज शेवटी दुसऱ्या दिवशीचे एक काम लिहिते. आज ती ठाण्यात जमा झाली आहे, म्हणून इथेच लिहिण्याची परवानगी घेतली.

उद्या: सकाळी आठच्या आधी टाकीजवळच्या बागेच्या फाटकाशी उभे राहणे, आणि मिस्त्रींच्या बायकोला, त्या माळ्यासमोर, मी बनवून सांगितले होते असे सांगणे.